मरळीच्या पिल्लांची राखण

तिरोड्यात माझं इंटरनेटचं दुकान होतं. बोदलकशाच्या तलावात मासे धरणारे एक गृहस्थ दर बाजाराच्या दिवशी यायचे. त्यांना ब्लॉग लिहायचा होता, तोही फक्त तलावातल्या माशांवर. एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. मी कुतूहलानं मागे उभा राहायचो. स्वतःचं नाव मात्र त्यांनी घातलं नाही. "मासे का माह्या नावानं पोहतेत?" म्हणाले.

पहिल्याच लेखात त्यांनी लिहिलं, की मरळ माशाची पिल्लं त्यांची आई राखते. पुढच्या बाजाराला आले ते थेट तोच लेख उघडून बसले.

"खोटं लिवलो जी. पिल्लं राखणारी मरळ मी धरलो. कापलो तं नर निघाला."

"मग ती ओळ खोडून टाका," मी म्हटलं. "अजून कोणी वाचलेलं नाही."

"तुम्ही वाचले ना?"

त्यांनी जुनी ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं, 'बाप राखते. मी त्याले मारलो, तवा समजलं.' मग मागे वळून मला विचारलं,

"आता थे पिल्लं कोन राखन, हे बी लिवू का?"

त्यांनी तो प्रश्नही लिहिला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत.