पहिल्या मजल्यापर्यंत

कल्पना करा, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये सात माणसं अडकली आहेत आणि ती तुम्हाला हाताने खाली आणायची आहेत. आधी वीज तोडायची. मग वरच्या यंत्रखोलीत एका हाताने ब्रेक सैल करणारा दांडा दाबायचा, दुसऱ्याने चाक धरून डबा वीतभर सोडायचा, की पुन्हा ब्रेक. घाई केलीत तर आतले किंचाळणार. आता हेच काम डोक्यावर सायकलचं हेल्मेट, तीन दिवस पायडल मारून भरून आलेल्या मांड्या आणि खाली चौकात वाजणारा बँड यांच्यासकट करा. म्हणजे चावीताईची दुपार कशी गेली ते कळेल.

चावीताई बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी चावी कायम कमरेला, म्हणून हे नाव. धाकट्या भावाच्या लग्नात ती पोचली तेव्हा खुर्च्या उचलत होते. त्याच्या नव्या घरी जायचं तीनदा ठरलं, तीनदा कुठली तरी लिफ्ट आडवी आली. या वेळी तिने रजा टाकली, ऑफिसचा फोन कपाटात कोंबला आणि बहिणीच्या मुलीला घेऊन सायकलवर निघाली. चारची बोट गाठायची होती. पलीकडच्या धक्क्यावर भाऊ उभा राहणार होता. पुढची बोट उद्या दुपारी, आणि तो उद्या सकाळीच सहा महिन्यांसाठी जहाजावर कामाला निघणार होता.

वाटेतल्या शहरात दोन वाजता शिरल्या तर सगळे रस्ते बंद. शहराला दीडशे वर्षं झाली होती.

"आजच व्हायची होती?" चावीताई करवादली.

"मावशी, ते दीडशे वर्षांपूर्वीच ठरलंय."

सायकली ढकलत, लोकांच्या पायांवरून चाकं नेत, शिव्या खात दोघी नगरभवनाच्या चौकात आल्या तेव्हा तीन वाजले होते. धक्का तिथून अर्ध्या तासावर. इतक्यात भोंगा बोलला, "महापौर आणि समितीचे सदस्य लिफ्टमध्ये अडकले आहेत. मेकॅनिक निघालाय, पण रस्ते बंद असल्यामुळे..."

"रस्ते बंद कोणी केले?" चावीताई पुटपुटली आणि चालू लागली.

"मावशी..."

"तू गप्प बस."

"मी कुठे काय बोलले?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

भोंगा पुन्हा खरखरला. आतल्या खजिनदारांना दमा आहे, त्यांना श्वास घेता येत नाही, कुणी जाणकार आहे का?

चावीताईने सायकल भाचीच्या अंगावर टाकली. चावी कमरेलाच होती. रजेवरसुद्धा ती घरी ठेवायचं सुचलं नव्हतं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

पहिल्या मजल्यावरच्या दारापाशी जाताच रोग कळला. समारंभासाठी दाराला रंगीत झालरी बांधल्या होत्या. त्यातली एक फटीत ओढली गेली होती आणि लिफ्ट अधांतरी थांबली होती. रखवालदाराने यंत्रखोली उघडून दिली. डबा इंचाइंचाने उतरत होता आणि दर वेळी आतून कोणीतरी ओरडायचं, "सावकाश!"

"सावकाशच चाललंय, म्हणून तर बोट जाणार!" चावीताई वरून ओरडली.

खाली येऊन तिने तळमजल्याचं दार उघडलं. खजिनदार बाहेर येऊन पायरीवर टेकले, कुणीतरी आणून दिलेला दम्याचा फवारा ओढला, हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. महापौरांनी तिच्या छातीवर दीडशे आकड्याचा बिल्ला लावला. तेवढ्यात लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला.

तिने भाचीच्या फोनवरून भावाला लावला.

"पुन्हा लिफ्ट?" त्याने विचारलं.

"पुन्हा लिफ्ट."

तो म्हणाला, "कितव्या मजल्यावर अडकली होती गं?"

चावीताईने शेजारच्या जिन्याकडे पाहिलं. पायऱ्या मोजल्या. अठरा. भाषणाचा सज्जा त्यांच्या टोकालाच होता. फोन तसाच हातात धरून ती महापौरांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, खजिनदारांचं मी समजू शकते. बाकीचे सहा जण कशाला चढलात?"