काकांच्या गाडीचा मूळ सायलेन्सर

काकांच्या वाढदिवसाला त्यांच्या जुन्या गाडीला नवा, गुरगुरणारा सायलेन्सर बसवून दिला तो मीच. काका परगावी गेले होते, मग विचारायचं कुणाला? गाडी वाघासारखी वाटेल, एवढाच माझा विचार. अक्कल गहाण टाकली की माणूस भेटही तशीच देतो.

काका गाडी शिकवतात. इतरांकडे ओरडा खाऊन रडत बाहेर पडलेली माणसं शेवटी त्यांच्याकडे येतात. त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. काकू म्हणते, भांडायला बसलं तरी ह्यांचं बोलणं ऐकायला जवळ सरकावं लागतं, मग भांडण कसलं होतंय! शिकवणंही तसंच. डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे. गाडी कण्हायला लागली की गिअर बदलायचा.

परत आल्यावर नवा आवाज ऐकून ते "भारदस्त आहे" एवढंच म्हणाले. मी खूश.

दुसऱ्या सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक ताई शिकायला आल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला दवाखान्यात न्यायला दर वेळी शेजाऱ्यांच्या विनवण्या नकोत, म्हणून त्या पन्नाशीत स्टिअरिंग धरत होत्या. मी मागे बसलो होतो, कौतुक ऐकायला. वळणावर काका नेहमीसारखे हळूच "ब्रेक" म्हणाले. त्या गुरगुरण्यात ताईंना ऐकू गेलं नाही. काका पुन्हा म्हणाले. समोर सायकलवाला आला, तेव्हा काका ओरडले.

गाडी थांबली. सायकलवाला शिवी हासडून निघून गेला. ताईंनी किल्ली काढून काकांच्या हातात ठेवली.

"तुम्हीसुद्धा, सर?"

आणि त्या पायी घरी गेल्या.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गॅरेजवाल्याने जुना सायलेन्सर भंगारात टाकला होता, तो मी उपसून आणला. वाघाची मांजर करून मागणारा तू पहिलाच, म्हणाला तो. मूळचा पाईप, मूळच्या रबरी कड्या, सगळं सापडलं. बोल्ट मात्र गंजून आडमुठे झालेले. काका स्वतः गाडीखाली शिरले. गंज त्यांच्या तोंडावर झडत होता आणि मी नुसता पाने पुढे करत होतो. माझ्या हौसेपायी साठीचा माणूस जमिनीवर उताणा पडलेला. त्यांच्याकडे बघवेना.

ताईंच्या दारात काका दोनदा जाऊन आले. शेवटी त्या आल्या. या वेळी मला मागे बसायला काकांनीच सांगितलं होतं. गाडी पूर्वीसारखी कुजबुजत सुरू झाली.

"त्या दिवशी मी उगाच उतरून गेले," ताई म्हणाल्या. "मनाला लावून घेतलं. माफ करा, सर."

काका जरा थांबले. मागून कुणी काही बोलतंय का, याची वाट पाहिल्यासारखे. मी खिडकीबाहेरचं कुंपण पाहत होतो.

"चूक माझीच होती, ताई," ते म्हणाले. "गिअर टाका."

ताई आता नवऱ्याला स्वतः दवाखान्यात नेतात. मी रस्त्यात दिसलो की काच खाली करून हसतात. मीही हसतो. त्यांची माफी मागायची तेवढी राहिली आहे.