अर्जदाराची मावशी

टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला फारसा आदर नाही. मी स्वतः साडेचार वर्षं तसं लिहिलं, म्हणून खात्रीने सांगतो. नाव लपवणारा माणूस एक तर भित्रा असतो नाहीतर हिशेबी. मी दोन्ही होतो.

सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या मराठी मंडळाचं एक मासिक पत्रक निघायचं. सायक्लोस्टाइलची आठ पानं, डावीकडे दोन टाचण्या, प्रती एकशे चाळीस. त्यातल्या साठ-सत्तर कोणी वाचत असतील, उरलेल्या कपाटाच्या फळीवर अंथरायला जात. संपादक एका शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शिवण, लोणची आणि घरगुती अडचणी यांवर बायकांसाठी एक सदर हवं, असं त्यांच्या मनात आलं. लिहायला एकही बाई तयार होईना. मग ते मला म्हणाले, "तू मावशी हो."

मी सरकारी कारकून. खात्याच्या नियमात स्पष्ट होतं की लेखी परवानगीशिवाय काही छापायचं नाही. मी तो नियम गुरुजींना वाचून दाखवला. ते हसले. "अरे बाबा, नियम तुला लागू. मावशीला कुठे नोकरी आहे?"

इतका भिकार कायदेशीर सल्ला मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि तोच मी मानला. अर्ज केला तर नकार येईल, एवढाच विचार त्यामागे होता. रिव्हिएर दू रांपारहून राजधानीला, पोर लुईला जाणाऱ्या बसमध्ये मी उत्तरं जुळवायचो आणि रविवारी स्टेन्सिल कापायचो. गुपित तिघांना माहीत होतं. तिसरी माझी बायको. ती चहाचा कप ठेवताना "घ्या मावशीबाई" म्हणायची.

साडेतीन वर्षं कोणाला काही झालं नाही. मग दक्षिणेकडून, ग्रां बुआच्या बाजूने, एका मुलीचं पत्र आलं. खाली सही नव्हती. साखरपुडा झाला होता. मुलाकडचे म्हणत होते की देवाब्राह्मणांसमोर लग्न लावू, एता सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी लग्ननोंदणीच्या, कचेरीतली सही मागाहून बघू. तिने विचारलं होतं, हे चालेल का?

तेव्हा आमच्याकडे कचेरीतल्या सहीशिवाय सरकारच्या लेखी लग्नच नसे. बाई कायद्याने कोणाचीच बायको नाही, आणि मुलांच्या दाखल्यावर बापाचं नाव पडायचं तर त्याची मर्जी. जमीनवाल्यांना हे सोयीचं होतं. सही केली की निम्मी जमीन सुनेची, ही त्यांची धास्ती. मंत्रांना मात्र ते भीत नव्हते, कारण मंत्रांची नोंद होत नाही.

मी अकरा ओळींचं उत्तर लिहिलं. शेवटची ओळ अशी होती: "जो कागदावर आपलं नाव देत नाही, त्याचं नाव उखाण्यात कशाला घ्यायचं?"

त्यात गाव नव्हतं, घराणं नव्हतं. असा घोळ घालणारी चार घरं मला स्वतःला माहीत होती. तरी बाराव्या दिवशी गुरुजींकडे वकिलाची फ्रेंचमधली नोटीस आली. ती मंडळाच्या अध्यक्षांच्या वतीने होती. त्यांची बदनामी झाली आहे. "मादाम मावशी" हिचं खरं नाव आठ दिवसांत कळवावं आणि तिने माफी मागावी.

अध्यक्ष म्हणजे पूर्वी ऊसमळ्यावरचे मुकादम. दर समारंभात 'आपली संस्कृती' या विषयावर पाऊण तास बोलायचे. एकदा मी घड्याळ लावून बसलो होतो. एकावन्न मिनिटं झाली होती.

गुरुजी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. पत्रकाच्या तळाला संपादक म्हणून त्यांचं नाव असे, कारण तसा कायदा होता. कायदा मावशीला ओळखत नव्हता, गुरुजींना ओळखत होता.

"सोमवारी मी तुझं नाव देणार," ते म्हणाले.

"गुरुजी, माझी नोकरी जाईल."

"मग मी काय करू? मी तर फक्त छापलं."

आत माझी बायको तांदूळ निवडत होती. तिने तिथूनच विचारलं, "गुरुजी, मावशीला नोकरी नाही म्हणत होतात ना?"

गुरुजींनी टोपी उचलली आणि गेले. त्यांच्याइतकं शूर संपादकीय लिहिणारा आणि इतक्या लवकर टोपी उचलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

माझ्या घरात खाणारी तोंडं सात, कमावणारा मी एकटा. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, म्हणून शुक्रवारी मी खात्याकडे मागील तारखेपासून परवानगी मिळावी असा अर्ज इंग्रजीत लिहिला. "कोणत्या नावाने लिहिले" या प्रश्नासमोर खरं ते लिहिलं: मावशी. सोबत सदराची एक प्रत जोडली.

साहेबांनी ते पान आधी उलटं धरलं, मग सुलटं. अख्ख्या कचेरीत मराठी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे भाषांतर करायला त्यांनी मलाच सांगितलं. माझ्या गुन्ह्याचा दुभाषाही मीच. मी वाचू लागलो. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"ही मावशी म्हणजे कोण?"

"तांतिन," मी क्रिओलमध्ये सांगितलं.

"तो तांतिन?" साहेबांनी विचारलं. म्हणजे, तुझी मावशी?

"नाही सर, ती मीच."

मग त्यांनी अर्जावर शेरा मारला, तो वर मुख्य कचेरीकडे ढकलला आणि जेवायला गेले. न समजलेला कागद वर पाठवायचा, हे ते न चुकता करत.

रविवारी मंडळाची सभा होती. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. अध्यक्षांनी नोटीस स्वतः वाचून दाखवली, फ्रेंच उच्चारांची पार वाट लावत. "हा माझ्या घराण्याचा अपमान आहे," ते म्हणाले.

मागून एक म्हातारी बाई उठली. बाजारात भाजी विकायची ती. "काका, त्या लिहिण्यात तुमचं नाव कुठे आहे?"

"नाव नाही. पण सगळ्यांना कळतं."

"आम्हाला नव्हतं कळलं. आत्ता तुम्ही सांगितलं."

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारी बसेना. "म्हणजे सुनेला सही नको म्हणणारे तुम्हीच का ते?"

"कोण म्हणतं नको? याच महिन्यात सही होईल! लिहून ठेवा!"

"लिहायचं तुमच्या मुलाने, काका. कचेरीत जाऊन."

मी तिसऱ्या रांगेतून उठलो नाही. मावशी मी, आणि माझ्या वतीने भाजीवाली भांडत होती. अध्यक्षांबद्दल मला आजही तिटकारा आहे, पण त्या दिवशीचा माझा वाटा मी त्यांच्या नावावर टाकत नाही.

त्या महिन्यात सही झाली. गुरुजींना माझं नाव द्यावं लागलं नाही, नोटिशीचे आठ दिवस संपले आणि तिचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. लग्नात मुलीने मोठ्याने उखाणा घेतला. मी पंगतीत चौथा होतो, तिने मला वाढलं, ओळखायचं कारणच नव्हतं. पुढे अध्यक्ष भाषणात सांगू लागले की आपल्या समाजात एता सिव्हिलचा आग्रह त्यांनीच प्रथम धरला.

माझा अर्ज मात्र फिरतच होता. तो परत घेता येत नव्हता. मी विचारून पाहिलं होतं. नऊ आठवडे मी रोज सकाळी टेबलावर पाकीट शोधायचो. दहाव्या आठवड्यात ते आलं. आत टाइप केलेल्या दोन ओळी. त्यांचा अर्थ असा: अर्जदाराच्या मावशीने मराठी पत्रकात लिहिण्यास खात्याची हरकत नाही, मात्र अर्जदाराने तिला कार्यालयीन माहिती पुरवू नये.

माझ्या आईला चार भाऊ. बहीण एकही नाही.

दुसऱ्याच्या फाइलमधला स्वल्पविराम चुकला तरी मी चिठ्ठी लावतो. ती माझी सवय कचेरीला चांगली ठाऊक होती. त्या संध्याकाळी घरी मी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं: महोदय, आपल्या पत्रात एक चूक झाली आहे, मावशी ही व्यक्ती नसून...

बायकोने खांद्यावरून वाचलं. "अहो, नसून काय?"

"नसून मी."

"सरकारने तुम्हाला मावशी दिली आहे. सात माणसांचं जेवण चालवतेय ती. तिला मारता कशाला?"

मी मसुदा फाडला. दिसलेली चूक मी तशीच राहू दिली, असं नोकरीत तेवढं एकदाच झालं. ते पत्र मी घराच्या कागदांत, मुलांच्या जन्मदाखल्यांखाली ठेवलं आहे. पुढच्या रविवारी गुरुजी कोरे स्टेन्सिल घेऊन आले, जणू काही घडलंच नव्हतं. मी ते घेतले. त्यांना चहा विचारला नाही.