चौथा भाग मोठा की आठवा?

निवृत्तीनंतर गणिताच्या बाईंना आराम करायचा होता. त्यांनी तो मनापासून करून पाहिला, पण जमला नाही. लेकीच्या घरी राहायला गेल्या, तर जावई त्यांच्यासमोर बिलाची बेरीज करायला घाबरू लागला आणि नातू आजीची चाहूल लागली की न्हाणीघरात कडी लावून बसू लागला. अशात परदेशातल्या एका शाळेला महिनाभर विनावेतन शिकवणारी माणसं हवी आहेत, असं बाईंच्या कानावर आलं. त्यांनी कोणालाही न विचारता होकार कळवून टाकला.

"या वयात?" लेकीने विचारलं.

"अपूर्णांकांना कुठे वय असतं?" बाई म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

शाळा म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक खोली. खिडक्यांना गज होते, काचा नव्हत्या. भिंतीवरचा पंखा एकाच बाजूला मान वळवायचा, त्यामुळे मुलं पाळीपाळीने त्या बाजूच्या बाकांवर सरकायची. थोडं इंग्रजी, पुष्कळसे हातवारे आणि खडू एवढ्या भांडवलावर बाईंनी पहिल्याच दिवशी आपला हुकमी प्रश्न टाकला. "चौथा भाग मोठा की आठवा?"

"आठवा!" वर्ग एका सुरात म्हणाला.

बाई मनात हसल्या. चारापेक्षा आठ मोठा, म्हणून आठवा भागही मोठा. ही चूक त्यांच्या जुन्या ओळखीची होती. त्यांनी कागद घेतला, एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली आणि तुकडे शेजारी शेजारी धरले. मग पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली आणि तिने फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला. पाठोपाठ सगळ्या वर्गातून "हांऽऽ" असा लांब उद्गार निघाला. ही मुलगी सगळ्यांशी हुज्जत घालायची, म्हणून पुढे बाईंनी तिचं नाव वकिलीणबाई ठेवलं.

त्या संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन लावला. "अगं, मुलांच्या डोळ्यांत दिवा पेटताना पाहिला मी. कितीतरी वर्षांनी."

महिना संपत आला तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं की वर्षभर इथेच राहायचं. आपण अजून कामाच्या आहोत, याचा पुरावा त्यांना मिळाला होता. लेकीचं मात्र वेगळंच चाललं होतं. "मी पुन्हा नोकरीवर रुजू होतेय. मला तू हवीस, आई. सोमवारपर्यंत काय ते सांग, म्हणजे मला दुसरी सोय बघता येईल."

शाळेच्या मोठ्या बाईंनी सुचवलं, "शनिवार-रविवार बेटावर जाऊन या. आमचे सगळे पाहुणे जाताना तिथे विश्रांती घेतात. डोकं शांत होतं."

बेट होतंही तसंच. लाकडी धक्का, पांढरी वाळू, माडांच्या सावलीत टांगलेले जाळीचे झोपाळे. बाई आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी झोपाळ्यात पडल्या आणि त्यातून उठायचं कसं, ते त्यांना कळेना. त्यांची धडपड पाहून एक दाढीवाला धावत आला.

"आधी पाय खाली सोडा, आजी. सगळ्यांचं असंच होतं."

तो पर्यटकांना होडीतून फिरवायचा. कधीकाळी विमा कचेरीत नोकरी करत होता. बाई कुठल्या शाळेतून आल्या हे ऐकलं आणि तो समोर वाळूतच बसला.

"मीही तिथेच होतो! तीन वर्षांपूर्वी. त्या शाळेमुळे तर मी परत गेलो नाही."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"मी काही मास्तर नव्हतो. पहिल्या दिवशी हातपाय गळाले होते. कलिंगड घेऊन गेलो आणि विचारलं, चौथा भाग हवा की आठवा? सगळी पोरं म्हणाली, आठवा. मग मी कापून दाखवलं." त्याने कलिंगड कापल्यासारखा हवेत हात फिरवला. "आणि पुढे बसलेली एक चिमुरडी, दोन वेण्यांची, उठली आणि तिने असा फाडकन कपाळावर हात मारला. आणि मागून सगळ्यांचं ते 'हांऽऽ'. माझ्या अंगावर काटा आला, आजी. वाटलं, जन्माला येऊन नुसती कचेरी करण्यात काही अर्थ नाही."

बाईंनी झोपाळ्याची दोरी घट्ट धरली. समोर समुद्र तसाच चमकत होता, पण त्याचा आवाज मात्र त्यांना ऐकू येईनासा झाला. कानात नुसतं ते 'हांऽऽ' घुमत होतं.

दोन वेण्या. फाडकन. तीन वर्षांपूर्वी.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. वर्ग एका सुरात चुकला होता. आयुष्यभर वह्या तपासलेल्या बाईला हे दिसू नये? बरोबर उत्तर सगळ्यांचं एक असतं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. कोणी घाईने चुकतं, कोणी भीतीने, कोणी शेजाऱ्याचं बघून. अख्खा वर्ग एकच चूक एका दमात करतो, तो फक्त आधी बसवलेली असली तरच.

"आता ती मोठी झाली असेल ना?" दाढीवाला उत्सुकतेने विचारत होता. "आठवतं का तिला माझं कलिंगड?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने त्या एका 'हांऽऽ'वर घर सोडलं होतं, नोकरी सोडली होती. सांगावं का त्याला? जिभेवर आलेले शब्द बाईंनी गिळले आणि भुवया उंचावल्या.

"कलिंगड? अगं बाई! मग पुढे काय म्हणाली ती?"

तो खुलला, रंगवून रंगवून सांगू लागला. बाई योग्य त्या जागी "हो का?" आणि "काय सांगता!" म्हणत राहिल्या. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, आपण आत्ता करतोय ते हेच तर आहे. मुलं हेच करतात. हे इतकं सोपं असतं, आणि यात फसवणूक अशी काही नसतेच. तरीही रात्रीचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं.

रविवारी संध्याकाळी परतल्या त्या थेट मोठ्या बाईंच्या घरी गेल्या. मोठ्या बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"मुलांना अपूर्णांक आधीपासून येत होते," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चादर झटकली. "बेटावर दाढीवाला भेटला वाटतं."

"तुम्ही मला सांगितलं नाही?"

"काय सांगणार? फार पूर्वी एक पाहुणे आले होते. पहिल्याच दिवशी मुलं म्हणाली, हे आम्हाला येतं. बिचारे तोंड पाडून बसले आणि आठवड्यात निघून गेले. मुलांना फार लागलं ते. इतक्या लांबून माणूस आला आणि आपल्यामुळे हिरमुसून गेला. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. कपाळावर हात मारायचं काम आधी त्या दोन वेण्यांवालीच्या मोठ्या बहिणीकडे होतं."

बाई पायरीवर बसल्या.

"आणि पुढचं? पुढचं गणित कोण शिकवतं?"

"मला जमतं तेवढं मी शिकवते. बाकी सगळे पहिल्या पायरीपासून सुरू करतात आणि महिन्याने जातात." मोठ्या बाईंनी चिमटा लावला. "दुसऱ्या पायरीपर्यंत कोणी थांबतच नाही."

सोमवारी बाई वर्गात गेल्या. खडू उचलला नाही. वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला.

वर्ग थिजला. वकिलीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. शेवटच्या बाकावरून कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग हशा आवरता आवरेना. बाईही हसल्या, पण डोळे पुसावे लागले.

"झालं आपलं नाटक," त्या म्हणाल्या. "तुमचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. आता हे करा." आणि फळ्यावर लिहिलं: तिसरा भाग आणि चौथा भाग एकत्र केले, तर एकूण किती?

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. बाई बाकांमधून फिरू लागल्या. एकाने सातवा भाग लिहिला होता. एकाने बारावा. एकीने दोन सप्तमांश लिहून खोडलं होतं. एका गड्याने दोन भाकऱ्यांसारखे गोल काढून त्यांना डोळे-नाक लावलं होतं. प्रत्येकाचं चुकलं होतं आणि प्रत्येकाचं वेगळं चुकलं होतं. बाई पुन्हा पहिल्या बाकापासून वह्या पाहत निघाल्या.

वकिलीणबाई हाताने वही झाकून बसल्या होत्या. पेन्सिलीच्या टोकाचा चावून चावून पार भुगा झाला होता.

"दाखव की."

"नाही येत," ती पुटपुटली. आवाज रडवेला होता आणि बाईंवर खरोखरचा रागही होता. "हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही."

मधल्या सुट्टीत बाईंनी लेकीला फोन लावला. "तुझी दुसरी सोय बघ, बाळा. मी वर्षभर येत नाही."

"का गं? काय झालं? तुझा आवाज असा का येतोय?"

"अगं, त्यांना काही म्हणजे काही येत नाही," बाई म्हणाल्या आणि खडू शोधायला आत वळल्या.