पूजेसाठी उघडं केलेलं पाणी

आटपाडीच्या पूर्वेला आमची मेंढपाळांची वस्ती आहे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उंब्रजच्या बाजूला उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हे पिढ्यानुपिढ्या चालत आलेलं. आईवडील चालत राहिले म्हणून मी मामाकडे राहून शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. ते उपकार मी विसरत नाही, म्हणूनच त्या वर्षीचा राग माझ्यातून जात नाही.

वडील गेल्यापासून कळप आईच सांभाळत होती आणि तिचे गुडघे पार गेले होते. कडबा घरात भरून ठेवला होता. वस्तीच्या शेततळ्यातलं पाणी पावसाळ्यापर्यंत टिकलं, तर मेंढरं घरीच राहणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला चालावं लागणार नव्हतं.

तळं कालव्याच्या पाण्यानं भरलेलं होतं. तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे पाणी झिरपत नव्हतं. ते जायचं वरून, उन्हानं आणि वाऱ्यानं. इस्लामपूरला नोकरीत असताना मी तळ्यावर तरंगणारं आच्छादन पाहिलं होतं. तसंच आम्हीही केलं. कागदाचे पट्टे मशीननं जोडून घेतले, खाली रिकामे कॅन बांधले आणि कडा दोरांनी बांधावर ताणल्या.

"पाण्याला वाकळ पांघरतूस व्हय रं? थंडी वाजतीया का त्याला?" थोरले चुलते म्हणाले आणि सगळी वस्ती हसली. पण कंबरभर पाण्यात उतरून कॅन बांधले ते त्यांनीच. पुढे शेजारची उघडी तळी खाली जाऊ लागली, आमचं हललं नाही. तेव्हा म्हणाले, "वाकळ लय गुणाची हाय, गड्या."

फाल्गुनात निरोप आला, भागातले पुढारी आमच्या तळ्यावर जलपूजनाला येणार. आदल्या दिवशी त्यांचा कार्यकर्ता पाहणीला आला.

"पाणी कुठाय?"

"कागदाखाली."

"आवं, पर दिसत न्हाई की! साहेब नारळ कशात सोडणार?"

मी एक कोपरा उचलून दाखवला. ओटी भरायला तेवढी जागा पुष्कळ होती.

"फोटोत डबकं दिसंल ह्ये. तळं भरलेलं दिसाय पायजे."

मी चुलत्यांकडे पाहिलं. ते अवघडून म्हणाले, "झाकल्या देवाची पूजा कशी करायची, लेकरा? पूजा झाली की परत घालू." पाणी त्यांच्यासाठी देवच आहे, त्यांना मी काय बोलणार? पण कार्यकर्त्याला मी परोपरीनं सांगितलं, की सांधा एकदा तुटला की मशीनवाल्याशिवाय जुळत नाही. "आमी आणतो की मशीनवाला," म्हणत त्याच्या माणसांनी विळ्यानं दोर तोडले. कागद मुरुमाच्या बांधावरून फरफटत ओढला. जागोजागी फाटला.

दुसऱ्या दिवशी खण, नारळ, हळद-कुंकू सगळं झालं. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, थेंब थेंब जपा. फाटक्या कागदाचा ढीग त्यांच्या पाठीमागेच पडला होता. पूजेला ओंजळभर पाणी पुरतं. तळंभर पाणी लागलं ते फोटोला!

मशीनवाला काही आला नाही. मी फोन करायचो, उत्तर यायचं, "बघतो, करतो." मी स्वतः एका मशीनवाल्याला आणून कागद दाखवला. चिंध्यांना सांधा बसत नाही, म्हणाला. चैत्राचं ऊन तापलं. बांधाच्या आतल्या अंगाला ओल्या रेघा एकीखाली एक उमटत गेल्या. चुलते रोज काठावर जाऊन पाहायचे. शेवटी एकदा म्हणाले, "मेंढरं हलवावी लागत्याल."

आईनं सकाळी गुडघ्यांना फडकी आवळून बांधली. मी गाडी करतो म्हणालो.

"मेंढरं चालायची आन् मी गाडीत बसू व्हय? येडा का खुळा तू?"

ती निघाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिथूनच मी कार्यकर्त्याला फोन लावला.

"आवं, बरं झालं फोन केलात," तो म्हणाला. "साहेबांचा फोटो लय झाक आलाय. पाठवू का?"

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून झालं तरी आई अजून नजरेच्या टप्प्यातच होती, इतकी ती हळू चालत होती.