त्याच्या अंगावरची प्लेट

गोळीपुढे टिकणाऱ्या प्लेट तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. जवानांच्या जॅकेटमध्ये छातीपुढे घालतात त्या. कारखान्यातून माल आला की त्यातल्या काही प्लेट उचलायच्या, मागे मऊ मातीचा थर द्यायचा, समोरून गोळी झाडायची आणि मातीत खड्डा किती खोल पडला ते मोजायचं. खड्डा मापात असला की सगळा माल पास. तपासलेल्या प्लेट भंगारात जातात आणि न तपासलेल्या जवानांच्या अंगावर. दुसरा उपाय नाही, पण हे मला कधी गोड वाटलं नाही.

गावी, रोहण्याला, हे मी कुणाला सांगत बसलो नव्हतो. फौजेतल्या भाच्याची बदली सीमेवर झाली तेव्हापासून ताईला माझ्या नोकरीचा फार आधार वाटू लागला. ती आर्वीच्या बाजारात भाजी विकते. या हिवाळ्यात गेलो तर पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "त्याच्या अंगावरची तूनंच पाह्यली ना?"

हो म्हणून मोकळं व्हायला माझं काय जात होतं? पण मापाबाहेर बोलायचं नाही ही खोड अंगात मुरलेली. "ताई, त्या मालातल्या दुसऱ्या पाह्यल्या. पाह्यलेली फुटते. ते त्याले देता येत नाई."

"मंग त्याच्यावाली कोनं पाह्यली?"

"कोनंच नाई."

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. मला माझाच राग आला. सारवासारव करत म्हणालो, "तू टरबूज विकतानी एकच कापून दाखवतं ना? तसंच हाय हे."

"अन् एखांदं पांढरं निघतेच," ती म्हणाली.

पांढरं निघतं हे मलाही ठाऊक आहे. तेवढ्यात आत कपबशा वाजल्या. ताईनं आवाज खाली आणला. "सुनेले नको सांगू हे. तिले सातवा महिना हाय. तूनंच पाह्यली म्हनजो."

सून चहा घेऊन आली. कप हातात देताना तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि हळूच विचारलं, "मामाजी, त्यायच्यावाली तुमीच पाह्यली ना?"

"हो पोरी. मीच."

"मंग मले घोर नाई," असं म्हणून ती आत गेली. ताईनं मान वर केली नाही. मीही नाही.