गारुफालियाच्या लांब बाह्या

गारुफालियाला मातीतून वर काढायचं होतं त्या शनिवारी अर्धं गाव स्मशानात हजर होतं. तिच्या मयतीला एवढी माणसं नव्हती. बरोबरच आहे, मयतीत नुसतं रडायचं असतं. आज काहीतरी बघायला मिळणार होतं.

आमच्याकडे जागा थोडी आणि मेलेले फार. म्हणून काही वर्षांनी थडगं उकरायचं, हाडं वाइनने धुवायची, पेटीत घालायची आणि देवळामागच्या खोलीत घरच्यांच्या पेट्यांशेजारी ठेवायची. हाडं पिवळसर, स्वच्छ निघाली की जीव शांत. काळी निघाली तर काहीतरी पाप आहे, पुन्हा माती. धुण्याचं काम गावात माझं. लोक सांगतात त्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, त्यामुळे हे काम मला मानवतं.

सकाळीच गारुफालियाची मुलगी असिमिना वाइनचा डबा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. बसलीसुद्धा नाही.

"आन्थीमावशी, काळी निघाली तर आधी मला सांग. स्तमाताआत्याला नको."

"ती काय आंधळी आहे?"

"ती म्हणते, काळी निघाली तर बाबांच्या शेजारी पेटी ठेवू देणार नाही." मग हळूच म्हणाली, "मावशी, आईने मारलं का गं बाबांना?"

"मी काय तिच्या चुलीपाशी बसले होते?" मी म्हटलं. मनात जे होतं ते गिळलं. चाळिशी उलटलेली बाई, आणि चार वर्षांच्या पोरीसारखी तोंडाकडे बघत होती. बाप गेला तेव्हा ती तेवढीच होती.

तिचा बाप लांब्रोस कल्हईवाला होता. तगडा गडी, गोड गळा. सणाला तो गायला लागला की म्हाताऱ्यासुद्धा नाचायच्या. एका फेब्रुवारीत दुपारी घेवड्याची आमटी जेवला आणि टेबलावरच कलंडला. डॉक्टर म्हणाला, हृदय. डॉक्टरला काय, तो आला आणि गेला. घरात तेजाब होतं, नवसागर होता, आमटी बायकोने वाढली होती. आम्हाला आणखी काय हवं होतं?

त्यातून गारुफालिया रडली नाही. बायका गळा काढून शोक गात होत्या, आणि ही प्रेताच्या उशाशी बसून म्हणाली, "कोणी मला पाव देता का? चीजचा तुकडाही चालेल." दिला तर सावकाश चावून खाल्ला. मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

तीन वर्षांनी लांब्रोसला वर काढलं तर तो कुजलाच नव्हता. त्याची बहीण स्तमाता छाती पिटत ओरडली, "विष घातलं हिने! म्हणून माझा भाऊ खारवलेल्या माशासारखा राहिला!" गावाला पटलं. पाद्रीबुवा, पापा झिसिस, यांनी प्रार्थना म्हणून त्याला पुन्हा पुरलं; त्याची हाडं पेटीत गेली ती आणखी पाच वर्षांनी. गारुफालिया पोरीचा हात धरून सगळ्यांच्या मधून घरी गेली.

दुसरी असती तर गाव सोडून गेली असती. हिने नवऱ्याची भट्टी पेटवली. बाई कल्हई करताना आम्ही कधी पाहिली नव्हती. मोठ्या कढईत वाळू टाकून, अनवाणी उभी राहून, भिंतीला धरून ती गरगर फिरायची आणि तांबं घासायची. पोरं खिडकीतून चेटकीण म्हणायची. पहिलं वर्ष आम्ही भांडी शेजारच्या गावी पाठवली. तिथल्या कल्हईचे नाताळापर्यंत पोपडे निघाले. मग एकेक जण तोंड लपवत हिच्याकडे जाऊ लागला. घरी आणल्यावर भांड्यात तीनदा पाणी उकळायचं आणि पहिला डाव मांजराला घालायचा. माझं मांजर त्या काळात फार लठ्ठ झालं.

तिचं सगळंच संशयास्पद. नवरा होता तेव्हा दार सदा बंद. तो गेल्यावर रात्रंदिवस सताड उघडं. "कोणासाठी उघडं ठेवते गं?" असं आम्ही नदीवर लोकर धुताना एकमेकींना विचारायचो. तिथेही आम्ही खांद्यापर्यंत बाह्या सारायचो आणि ही मनगटापर्यंत बटणं लावून पाण्यात. ऑगस्टमध्ये, भट्टीसमोर, तेच.

"ठिणग्या उडतात," ती म्हणायची.

"बाहीत पुड्या लपवते," स्तमाता म्हणायची.

असिमिनाचा पहिला साखरपुडा याच बोलण्यापायी मोडला. गारुफालियाने ब्र काढला नाही. भूकंपात छप्पर खचलं तेव्हा स्वतः शिडीवर चढून कौलं बसवली. मी एकदा भट्टीपाशी धीर करून विचारलं, "गारुफालिया, खरं सांग, लांब्रोस कशाने गेला?"

तिने कढई उलटी करून पाहिली. "आन्थी, तुझ्या कढईचा कान सुटलाय. तो आधी लावू?"

अशी बाई. म्हणून शनिवारी मीही मान पुढे करून बसले होते.

खणणाऱ्याने कवटी वर दिली. जुन्या मेणासारखी पिवळी, स्वच्छ. असिमिनाने ती छातीशी धरली आणि रडू लागली. स्तमाताचं तोंड उतरलं, पण हार मानेल तर ती स्तमाता कसली.

"खालची बघ. खालची काळी असतील."

मी बघत होतेच. एकेक हाड वाइनमध्ये बुडवून घासत होते. डाव्या हाताचं आलं आणि अंगठा अडखळला. मनगटाच्या वर गाठ. त्याच्या वर आणखी एक. उजव्या हातालाही एक. मग बरगड्या, त्यांवर तशाच गाठी. माझा जन्म मेंढ्यांत गेला. मोडलेलं हाड वेडंवाकडं जुळलं की अशी गाठ राहते. आणि हात तिथे मोडतो तो तोंडावरचा मार अडवताना.

मला भयंकर राग आला. हाड तसंच ओलं उचलून मी स्तमाताच्या हातात दिलं.

"चाचपून बघ."

तिने चाचपलं. "पडली असेल. शिडीवरून."

"तीनदा? बरगड्यांवरही?"

"मला काय माहीत!"

"तुला नाही तर कोणाला? तू त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायचीस ना?"

स्तमाताने हाड परत माझ्याकडे केलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्यात न कुजणाऱ्याचं पाप त्याचं स्वतःचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लांब्रोस निघाला त्या दिवशी नेमकं हे एकालाही आठवलं नव्हतं. आमटीत काही होतं का, ते मला आजही माहीत नाही. असलं तर असो.

पापा झिसिस खाकरले. "हाडं स्वच्छ आहेत. पेटी लांब्रोसच्या शेजारी ठेवू. आता कोणी अडवणार नाही."

असिमिनाने माझ्या हातातलं हाड घेतलं. बोटांनी एकेक गाठ शोधली. मग ते पांढऱ्या कापडात मनगटापर्यंत नीट गुंडाळलं.

"नको," ती म्हणाली. "आईला खोलीच्या दाराजवळ ठेवा. आणि दार उघडं राहू द्या."